आपल्याच हाकेला ओ

सलग तिसऱ्या दिवशी चंद्राबाईंचा घसा बसला, तेव्हा वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी जुईली मोबाइल घेऊन खाली आली.

मारुंजीत चंद्राबाई आणि हैबतरावांचं थोडं रान अजून शिल्लक होतं. त्यातली भाजी दोघं नवराबायको रोज सकाळी तीनचाकी टेम्पोत घालून सोसायट्यांच्या फाटकांपुढं विकायचे. हैबतराव टेम्पो चालवायचे, चंद्राबाई ओरडायच्या. दहाव्या मजल्यापर्यंत आवाज पोचवणं म्हणजे काही गंमत नव्हती.

"काकू, घसा सुटला की एकदाच नीट ओरडा. मी रेकॉर्ड करते. टेम्पोवर स्पीकर लावू, मग दिवसभर तोच ओरडेल," जुईली म्हणाली. ती मूळची जळगावची. बाणेरच्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासायची.

दोन दिवसांनी चंद्राबाईंनी पत्र्याच्या शेडखाली उभं राहून आरोळी ठोकली. "वांगी, गवार, मेथी घ्याऽऽ! चंद्राबाईची भाजी आली होऽऽ!"

जुईलीनं ती परत ऐकवली, तशा त्या कपाळाला आठ्या घालून बघायला लागल्या.

"ही कोण बया?"

"तुम्हीच की."

"मी? माझा आवाज आसा चिरका न्हाई. मोबाइल बिघाडलाय तुजा. अवं, तुमी तरी सांगा हिला."

हैबतराव चाळीस वर्षं तोच आवाज ऐकत आले होते. "ह्योच हाय. डोळं झाकून वळकीन," असं म्हणून ते चहाचा कप घेऊन पटकन बाहेर सटकले.

जुईलीला हसू आवरेना. "काकू, दवाखान्यात सगळे असंच म्हणतात. दुसऱ्याला तुमचा आवाज हवेतून ऐकू येतो. तुम्हाला मात्र तो डोक्याच्या हाडांतूनही आतल्या आत पोचतो, म्हणून भरदार वाटतो. शिवाय आपण बोलत असताना मेंदू आपल्याच आवाजाकडं जरा कानाडोळा करतो. मीच बोलतेय, त्यात ऐकायचं काय, असं त्याचं असतं."

"म्हंजी जलमभर मी ज्यो आवाज ऐकला, त्यो दुसऱ्या कुणी ऐकलाच न्हाई?"

"नाही."

चंद्राबाईंनी मोबाइलकडं एकदा बघून घेतलं. मग म्हणाल्या, "आसू दे. चांगला माल घरातच ऱ्हायला म्हनायचा."

स्पीकर लागला. चार-पाच दिवसांनी चंद्राबाई राजूच्या किराणा दुकानात गूळ घ्यायला शिरल्या होत्या. रस्त्यावर डंपर, बाइकचे हॉर्न, पलीकडं जेसीबीची खडखड. दुकानातलं बोलणंसुद्धा धड ऐकू येत नव्हतं. त्या गोंगाटातून कुठूनतरी लांबून 'चंद्राबाई' एवढंच त्यांच्या कानावर आलं.

"ओऽऽ! आले, आले!" गूळ तिथंच टाकून त्या दाराकडं धावल्या.

राजू पोट धरून हसायला लागला. "आवो काकू, तुमचाच टेम्पो हाय त्यो! तुमीच तुमाला बोलावताय!"

चंद्राबाई दाराची चौकट धरून अशा हसल्या की त्यांना ठसकाच लागला.

संध्याकाळी त्यांनी जुईलीला गाठून दुकानातला प्रकार सांगितला. ती म्हणाली, "नावाचं तसंच असतं काकू. बाकीचं कितीही वाहून जाऊ दे, आपलं नाव मेंदू बरोबर वेचून घेतो."

"ते कळलं गं. पन मला त्यो आवाजबी वळकीचा वाटला. माझा न्हाई, दुसऱ्याच कुनाचा तरी. कुनाचा ते काय ध्येनात येईना."

पुढच्या रविवारी मुठ्याला चंद्राबाईंच्या माहेरी, त्यांच्या थोरल्या भावाच्या, भिकूच्या नातीचं बारसं होतं. जेवणाची भाजी यांच्याकडूनच जायची होती. टेम्पो भरून दोघं घोटावडे, पिरंगुट करत निघाले. गावात शिरताना हैबतरावांना चेव आला. "सासुरवाडीत काय मुक्यानं जायाचं?" म्हणत त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं.

भिकू सत्तरीचा. तो अंगणात मांडवाची दोरी ओढून धरून उभा होता. लांबून आवाज आला आणि त्याच्या हातातली दोरी सुटली. अर्धा मांडव खालच्या पाहुण्यांच्या डोक्यावर आला. भिकूचं लक्षच नव्हतं. तो अनवाणी फाटकापर्यंत पळत आला.

"आय?" तो म्हणाला. मग टेम्पोतून उतरणाऱ्या बहिणीला बघून, "चंद्रे, आयचा आवाज कुटं घावला तुला?"

चंद्राबाई पाय खाली टेकवायचं विसरल्या. त्यांची आई, धोंडाबाई, जाऊन बावीस वर्षं झाली होती. तिचा एक पुसट फोटो तेवढा घरात होता, आवाज कुठंच नव्हता. त्यांनी पुन्हा कान देऊन ऐकलं. शेवटाला वर उचललेला तो 'होऽऽ', बांधावरून हाक मारताना आई उचलायची तसाच.

"आय न्हाई दादा. मी हाय ती."

"गप ऱ्हा. पुन्यांदा लाव."

हैबतरावांनी तीनदा लावलं. भिकूनं तीनदा ऐकलं, डोळे पुसले, आणि मग गालातल्या गालात हसत म्हणाला, "वांगी-गवार ऱ्हाऊ दे आता. आय मला हाक मारायची, तशी मार."

चंद्राबाईंनी पदर खोचला, कमरेवर हात ठेवले आणि पोटातून आवाज काढला. "भिक्याऽऽ! म्हसरं पिकात शिरली, कुटं उलथलास मेल्या?"

"आलो आय!" सत्तर वर्षांचा भिकू ओरडला आणि खरंच चार पावलं गोठ्याकडं धावला. मांडवाखालून डोकी बाहेर काढत पाहुणे हसायला लागले. भिकूची बायको तर हसता हसता खालीच बसली. "सासूबाई आल्या, मी पदर घेऊ का?" असं तिनं विचारल्यावर पुन्हा सगळे हसत सुटले.

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान सख्ख्या आत्याचा. ती सख्खी आत्या, म्हणजे भिकूची लेक सायली, पाळण्याशेजारी उभीच होती. पण तीच म्हणाली, "चंद्राआत्या, आज तुमीच सांगा. ह्याच आवाजात."

"ह्या आवाजात सांगितलं तर पोर पाळन्यातनं उडंल की!"

"मंग हळू सांगा."

चंद्राबाई पाळण्यावर वाकल्या. बाया पाळण्याभोवती सरकल्या. आपला आवाज बाहेरून कसा लागतो हे आता त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी तो जपून, अगदी खाली आणला आणि इवल्या कानाशी तोंड नेलं.

"किमया," त्या म्हणाल्या. "तू किमया हायेस बरं का."

किमयानं तोंडभर जांभई दिली आणि पुन्हा झोपून गेली.