बार्शीहून आणलेले तांबडे आकडे

हेमावती सोलापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. १९७८ सालच्या उन्हाळ्यात तिनं स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. मावसभावानं परदेशातून आणलेली चिप, रेडिओचे सुटे भाग आणि हे सगळं बसवायला जुन्या ट्रान्झिस्टरची लाकडी पेटी. पेटी काखेत मावायची. यंत्र गुणाकार करायचं, पण उत्तर दिव्यांच्या रांगेतून द्यायचं. कुठला दिवा लागला आणि कुठला विझला, यावरून आकडा ओळखायचा. तो फक्त हेमावतीला ओळखता यायचा.

"दिवाळीची माळ छान झालीय," आई, गौरम्मा, म्हणाली.

हेमावतीला ते लागलं. पेटीवर खरे आकडे उमटले पाहिजेत, असं तिनं मनाशी ठरवलं. पण आकडे दाखवणारी दोन बोटं रुंदीची पट्टी सोलापुरात कुठं मिळेना. शेवटी रेडिओ दुरुस्त करणारे सिद्धलिंगप्पा म्हणाले, "बार्शीला गुरुबसप्पांकडं बंद पडलेला कॅल्क्युलेटर आहे. आडत दुकान आहे त्यांचं. बघा विचारून."

रविवारी ती एसटीनं बार्शीला गेली. गुरुबसप्पा साठीतले, भरघोस मिशांचे. त्यांनी दुकानामागच्या घरातून कॅल्क्युलेटर आणला. वर हळदकुंकू वाळलेलं होतं.

"धाकट्या भावानं सिंगापूरहून आणला. वर्षभर चालला, मग मेला. दसऱ्याला पूजा करतो, बस्स. न्या की तुमी."

हेमावतीनं तिथंच पाटावर बसून मागचं झाकण उघडलं. सेलच्या जागी हिरवट गंज चढला होता. पट्टी शाबूत आहे का ते बघायचं म्हणून तिनं केसातली पिन काढून गंज खरवडला आणि बरोबर आणलेले सेल घातले.

काळ्या काचेमागं तांबडं शून्य उजळलं.

तिनं सात दाबला, सात उमटला. मग बेरीज. तीही बरोबर आली. हेमावतीचे हात थांबले. झाकण लावून पर्समध्ये टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"मामा," ती म्हणाली, "हा मेलेला नाही. नुसता गंजला होता. आता मला नेता येणार नाही."

गुरुबसप्पांनी तो हातात घेतला. एकेक बटण दाबून बघितलं. "ईरम्मा, ए ईरम्मा! भाऊरायाचं यंत्र बोलायला लागलं!"

त्यांची बायको पदराला हात पुसत आली. तिनं आकडे बघितले, मग हेमावतीकडं बघितलं. "ही पोरगी कशाला आली होती?"

हेमावतीनं पेटीची गोष्ट सांगितली. ईरम्मा नवऱ्याकडं वळली. "तुमी सगळा हिशोब तोंडी करता. चालू होता तवा तरी कुटं हात लावला? परत फळीवरच बसवणार न्हवं?"

गुरुबसप्पा मिशीत हसले. "व्हय, खरं हाय." त्यांनी कॅल्क्युलेटर हेमावतीच्या ओंजळीत ठेवला. "न्हेच. पण पहिलं गणित माझं. मी येणार सोलापूरला."

पट्टीच्या बारीक तारा पेटीला जोडायला तीन आठवडे लागले. मग पत्र गेलं आणि गुरुबसप्पा-ईरम्मा शेंगांची पिशवी घेऊन हजर झाले. सिद्धलिंगप्पाही दुकान बंद करून आले.

"माझं वय एकसष्ट पुरं," गुरुबसप्पा म्हणाले. "किती दिवस जगलो?"

हेमावतीनं पेटीवरच्या कळा खालीवर केल्या. तांबडे आकडे उमटले. २२२६५.

"चुकलं," गुरुबसप्पा ताबडतोब म्हणाले.

हेमावतीचा चेहरा पडला. सिद्धलिंगप्पा तारा तपासायला वाकले.

"लीप वर्षं कोण धरणार? पंधरा दिवस माझे खाल्ले की तुमच्या यंत्रानं!"

गौरम्माच आधी हसली आणि सगळं घर हसायला लागलं. हेमावतीनं डोळे पुसत पंधरा मिळवले.

"बावीस हजार दोनशे ऐंशी," गौरम्मानं पेटीवर वाकून मोठ्यानं वाचलं.

"आता बरोबर," गुरुबसप्पा म्हणाले आणि मांडी घालून पेटीसमोर बसले. त्यांनी ईरम्माकडं बोट दाखवलं. "आता हिचं वय घाला. पण ती खरं सांगायची न्हाय."