गुझमानियाची पिल्लं

नवऱ्याने वारण्याच्या आठवडाभर आधी आणलेली गुझमानियाची कुंडी छातीशी धरून ती रोपवाटिकेत आली. लाल तुरा काळा पडला होता.

"वेळच्या वेळी पाणी घातलं हो. माझं काय चुकलं?"

"काहीच नाही, ताई," माळीकाका म्हणाले. "हे झाड एकदाच फुलतं, मग हळूहळू जातं. पण बुडाशी पिल्लं सोडतं."

"ती मी तण समजून उपटून टाकली."

काकांनी चष्मा सावरून एकेक पान बाजूला केलं. एका पानाआड बोटभर कोंब होता.

"वीतभर होईपर्यंत मूळ झाडापासून तोडू नका."

"नाही जगला तर?"

"सहसा जगतो," काका तिच्याकडे न बघता म्हणाले.

घरापर्यंत तिने त्या कोंबावरचा हात काढला नाही.