एक्केचाळिसावा रकाना

साबणाच्या कारखान्यात चौतीस वर्षं कढई सांभाळणाऱ्या माणसाच्या डोक्यात ज्ञान असतं, हे कंपनीच्या लक्षात आलं तेव्हा तो माणूस निवृत्त व्हायला एकोणतीस दिवस उरले होते. तोपर्यंत त्याच्या डोक्यावर टोपी असते एवढंच कंपनीला ठाऊक होतं, आणि तीही कंपनीनंच दिलेली.

याला कारण घडलं होतं. आदल्या वर्षी बॉयलरवाला निवृत्त झाला. हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी बॉयलर सुरू होईना. तीन दिवस इंजिनियर मंडळी नकाशे पसरून बसली होती. शेवटी कळलं की एक झडप अडकायची आणि बॉयलरवाला येता-जाता तिला डाव्या पायाची लाथ घालायचा. ही लाथ कुठल्याच नकाशात नव्हती. मोठे साहेब हादरले. कंपनीचं ज्ञान लोकांच्या पायांत आहे आणि ते पाय संध्याकाळी घरी जातात, या विचारानं त्यांना म्हणे जेवण गोड लागेना.

म्हणून ज्ञान हस्तांतरण कक्ष निघाला. दोन खुर्च्या, एक कुंडी आणि एक अधिकारी. अधिकारी तरतरीत होते, सूट उत्तम होता, आणि याआधी त्यांनी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागातलं ज्ञान यशस्वीरीत्या बाहेर काढलं होतं. कारखान्यानं त्यांचं नाव पहिल्याच दिवशी ज्ञानसाहेब ठेवलं. नियमही त्यांनी पहिल्याच दिवशी काढला: ज्ञान हस्तांतरित झाल्याचा दाखला नसेल तर कार्यमुक्तीचं पत्र नाही. पत्र नसेल आणि माणूस गेला, तर तो रजिस्टरला फरार.

कढईवरच्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना चौतीस वर्षांत एकदाही उशिराचा शेरा नव्हता. आता फरार व्हायची वेळ आली तर कसं व्हायचं!

शिवाय त्यांना जायचं होतं. दूरच्या गावी त्यांची थोरली बहीण होती, आक्का. एकटी राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. घरात सोबतीला कुणी नसेल तर हात लावणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोनदा तारीख हुकली होती. आता पुढच्या महिन्याची चार तारीख ठरली होती, आणि ही हुकली तर पुढची चार महिन्यांनी.

"तुझं ज्ञान काढायला किती दिवस लागतील?" आक्कांनी फोनवर विचारलं.

"महिना म्हणतात."

"एवढं कधी भरलं रे तुझ्यात? शाळेत तर दिसलं नाही कुणाला."

ज्ञानसाहेब तक्ता घेऊन कढईपाशी आले. तक्त्यात एक्केचाळीस प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे एक रकाना. उत्तर आकड्यात द्यायचं. रकाना बरोबर भरला की संगणकावर हिरवा व्हायचा, नाहीतर लाल. एक जरी लाल राहिला तरी दाखला छापायला संगणक तयार नव्हता. साहेबांनीच त्याला तसं शिकवलं होतं.

"मास्तर, कढई किती वेळा ढवळता?"

"होईपर्यंत."

"होईपर्यंत म्हणजे किती?"

"ते त्या दिवशीच्या तेलावर आहे."

"सरासरी सांगा."

"सरासरी तेल आलं की सांगतो."

साहेब हसले. हट्टी माणसाशी हसून बोलावं, हे ते प्रशिक्षणात शिकले होते. "बरं, घाणा झाला हे कसं कळतं?" एका कढईत एका वेळी शिजतो तो घाणा, एवढं ते दोन दिवसांत शिकले होते.

मास्तरांनी उलथनं कढईत बुडवून वर काढलं. तिरपं धरलं. साबण ओघळला, थबकला, आणि मग सबंध चादर घसरावी तसा खाली आला. त्यांनी करंगळीनं कण उचलून जिभेच्या टोकाला लावला आणि थुंकले. "जिभेला चावला नाही. झाला."

"किती चावला नाही?"

"अजिबात नाही."

"म्हणजे शून्य," साहेब खूश होऊन म्हणाले आणि रकान्यात शून्य भरलं. रकाना हिरवा झाला. मास्तरांना पहिल्यांदाच वाटलं की जमेल.

मग जीभ कायमची कारखान्यात राहावी म्हणून नवकल्पना कक्षानं एक विजेची जीभ बनवून आणली. ती कढईत सोडली. सतरा मिनिटं तिनं अतिशय अचूक आकडे दिले आणि मग ती विरघळली. कक्षाच्या अहवालात लिहिलं होतं, "विरघळेपर्यंतची कामगिरी उत्साहवर्धक." तो घाणा मात्र वहिनींनी परत पाठवला.

वहिनी म्हणजे पॅकिंगच्या वहिनी. कढईघर आणि पॅकिंग यांच्यामध्ये भिंतीत एक खिडकी होती. अकरा वर्षं त्या खिडकीपलीकडे बसून वहिनी वड्या कागदात गुंडाळत होत्या, आणि वडी हातात आली की कढईत काय झालं ते सांगायच्या. "मास्तर, आज मीठ जास्त झालं!" असं त्या ओरडायच्या आणि मास्तर म्हणायचे, "कळलंय हो, सगळ्या गावाला कशाला सांगता!" मास्तरांच्या जागेसाठी अर्जही एकट्या वहिनींचाच होता. पण नियमाप्रमाणे त्यांचं शिक्षण तक्ता पूर्ण झाल्यावरच सुरू व्हायचं होतं, कारण तक्ता वाचूनच त्या शिकणार होत्या. तोवर रोज चहाच्या सुट्टीत त्या कढईपाशी येऊन उभ्या राहायच्या.

"हे बघा, आता ओढतोय, म्हणजे फुटायच्या बेतात आहे," मास्तर म्हणायचे.

"कुठं? मला तर घसरल्यासारखा वाटतो."

"उलथन्याकडे नका बघू. कडेला बघा."

"अगबाई! हो की!"

मग त्या जिभेला लावायच्या आणि जीभ भाजून घ्यायच्या. पंधरा दिवसांत त्यांची जीभ तयार झाली. याची नोंद कुठंही झाली नाही, कारण चहाच्या सुट्टीत ज्ञान हस्तांतरित होतं असा पर्याय तक्त्यात नव्हता.

चाळीस रकाने हिरवे झाले आणि घोडं एक्केचाळिसाव्यावर अडलं. प्रश्न होता: "घाणा बिघडण्याची सर्व कारणे व ती टाळण्याचा उपाय."

"तेल जुनं, मीठ जास्त, वाफ कमी. ही कारणं भरा," मास्तर म्हणाले. "आणि वीस घाण्यांतला एक असाच बिघडतो."

"असाच म्हणजे?"

"सगळं ठीक असतं आणि बिघडतो. का ते माहीत नाही."

साहेबांनी "माहीत नाही" टाइप केलं. रकाना लालभडक झाला. त्यांनी "अद्याप माहीत नाही" लिहून पाहिलं. मग "माहिती उपलब्ध होत आहे." लालच.

"मास्तर," साहेब खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "यंदा कंपनीचं उद्दिष्ट अनिश्चितता शून्य आहे. तसे फलक लागलेत. चौतीस वर्षं तुम्ही कढईपुढे आहात. तुम्हाला माहीत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? काही लोक जाताना शेवटची किल्ली खिशात ठेवतात, असा माझा अनुभव आहे."

"टॉवेलांचा अनुभव ना?"

"ज्ञान सगळीकडे सारखंच असतं."

वीस तारीख उजाडली. मास्तर रोज कक्षात जाऊन कुंडीशेजारी बसायचे, साहेब रोज नव्या शब्दांत तेच विचारायचे. आक्कांचा फोन आला की मास्तर म्हणायचे, "एकच प्रश्न राहिलाय." आक्का म्हणायच्या, "मग सोडून दे. बाकीच्यात पास होशील."

शेवटी मास्तरांनी खिडकीतून वहिनींना विचारलं, "खोटं लिहायचं झालं तर काय लिहावं हो?"

वहिनींनी हातातली वडी पूर्ण गुंडाळली. "असं काहीतरी लिहा, की केलं तरी चालेल आणि नाही केलं तरी चालेल. उद्या कढई माझ्याच गळ्यात पडणार आहे."

मास्तरांनी रात्रभर कूस बदलत काढली असं नाही. त्यांना छान झोप लागली, आणि याचंच त्यांना सकाळी वाईट वाटलं. कक्षात जाऊन ते म्हणाले, "लिहा. वाफ सोडण्यापूर्वी कढईभोवती एक फेरी मारावी. उजवीकडून. म्हणजे बिघडत नाही."

साहेबांनी लिहिलं. एक हा आकडा होता. रकाना हिरवा झाला. साहेब उठले आणि त्यांनी मास्तरांना मिठी मारली. "दडवलं होतंत ना!"

"हो," मास्तर म्हणाले. आयुष्यातलं दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

आता पत्र मिळायचं. पण दुर्दैव असं, की पुढचे पाच घाणे सुंदर उतरले. ते एरवीही उतरलेच असते. पण आता दर घाण्याआधी फेरी होत होती, आणि साहेबांनी भिंतीवर आलेख लावला होता. आलेख वर चालला होता. नवकल्पना कक्षाला हेवा वाटला आणि त्यांनी फेरीत सुधारणा सुचवली: एकाऐवजी अकरा जणांनी फेरी मारली तर परिणाम किती पट वाढेल? अठ्ठावीस तारखेला मोठ्या साहेबांनी मास्तरांना बोलावलं. चहा मागवला. बिस्किटंही आली, तेव्हाच मास्तरांनी धोका ओळखला.

"तुमच्यासारखा माणूस आम्ही सोडू कसा?" मोठे साहेब म्हणाले. "सहा महिने मुदतवाढ. फेरीचा प्रकल्प तुम्ही चालवायचा. परवा चाचणी आहे, मीही फेरीत असणार. चाचणी पार पडली की लगेच आदेशावर सही करतो."

"साहेब, माझ्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे."

"अरे वा! शुभेच्छा सांगा."

मास्तर कढईघरात परतले ते पाय ओढत. सगळं खरं सांगून टाकावं, तर तक्ता पुन्हा लाल. न सांगावं, तर सहा महिने. वहिनींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "परवा मूठभर मीठ जास्त पडलं तर कुणाला कळणार नाही. मला कळेल, पण मी काही बोलणार नाही."

मास्तरांनी मिठाच्या पिंपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग झाकण लावून ते म्हणाले, "नाही हो. हात वळणार नाही."

तीस तारखेला कढईघरात सतरंजी अंथरली होती. पद्धत मास्तरांशिवाय चालते हे सिद्ध करायचं असल्यामुळे मास्तरांना दोरीबाहेर स्टुलावर बसवलं होतं, आणि स्टुलाला चिठ्ठी होती, "ज्ञानस्रोत". मोठे साहेब, ज्ञानसाहेब आणि आणखी नऊ अधिकारी उजवीकडून निघाले. कढईभोवतीची वाट जेमतेम एका माणसाची. अर्ध्यावर कुणाचा तरी बूट सतरंजीत अडकला, रांग तुंबली. तेवढ्यात नवकल्पनावाल्यांनी वेळ वाचवण्यासाठी वाफ आधीच सोडली होती आणि मीठही टाकायला घेतलं होतं. ढवळणारा कामगार अकरा सुटांच्या पलीकडे उलथनं घेऊन उभा होता. त्याला कढईपर्यंत पोचताच येईना.

मास्तरांनी कडेला पाहिलं. साबण ओढायला लागला होता.

गप्प बसलं की सुटका होती. त्यांना काही करायचंच नव्हतं, नुसतं स्टुलावर बसून राहायचं होतं.

"वाफ बंद करा!" मास्तर ओरडले.

"मास्तर, कृपया," ज्ञानसाहेबांनी रांगेतून हात वर केला. "स्रोतानं हस्तक्षेप करायचा नाही."

"अहो फुटतोय तो! मीठ थांबवा! बाजूला व्हा आणि ढवळू द्या त्याला!"

"नोंद घ्या, स्रोताचा दुसरा हस्तक्षेप."

तिसऱ्यांदा ते ओरडले तेव्हा उभेच राहिले होते. एका मदतनीसानं अदबीनं त्यांना खाली बसवलं. फेरी पूर्ण झाली. टाळ्या झाल्या. कढईत वर पाणी आणि खाली खडे, असा चौतीस वर्षांत पाहिला नव्हता इतका देखणा नासका घाणा तयार झाला.

खिडकीतून वहिनींचा आवाज आला, "मास्तर, हे मी नाही गुंडाळणार!"

समितीची बैठक तासभर चालली. फेरी तर नियमाप्रमाणे झाली होती. अकरा जणांनी केली होती, त्यात मोठे साहेब होते. म्हणजे चूक फेरी मारणाऱ्यांची असणं शक्यच नव्हतं. उरलं ज्ञान. ते मुळातच सदोष होतं, असा एकमुखी निष्कर्ष निघाला. ज्ञानसाहेबांनी एक्केचाळीसही रकाने पुसले, आणि पुसलेल्या तक्त्याला लाल-हिरवा कुठलाच रंग नसल्यामुळे संगणकानं हरकत घेतली नाही. संध्याकाळी पाचला मास्तरांच्या हातात पत्र पडलं. नवं यंत्र येईपर्यंत कढई तात्पुरती वहिनींकडे दिली. नासका घाणा वहिनींनी थोडा थोडा करून पुढच्या चार कढयांत मुरवला. बिघडलेल्या घाण्याचं पुढं काय करायचं, हे तक्त्यात विचारलंच नव्हतं. वहिनींनी विचारलं होतं.

चार तारखेला आक्कांचं ऑपरेशन झालं. दुपारी त्या पट्टी बांधून खाटेवर पडल्या होत्या आणि मास्तर उशाशी बसले होते.

"सोडलं कसं रे तुला शेवटी?"

"पत्र दिलंय."

"वाच."

मास्तरांनी खिशातून पत्र काढलं आणि घसा खाकरला. "सखोल तपासणीअंती आपल्याकडे हस्तांतरणयोग्य ज्ञान आढळून आले नाही. सबब आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे."

आक्का आधी नुसत्या हलल्या. मग खाट हलायला लागली.

"आक्का, हसू नकोस. डोळ्यावर ताण येतो, डॉक्टरांनी बजावलंय."

"नाही हसत," आक्का तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "शपथ, नाही हसत. पहिलं वाक्य तेवढं पुन्हा वाच."