अबोलचा हिरवा हातमोजा

अबोलच्या अंगात नेमकी कोणती शक्ती आहे, हे आमच्या घरात सगळ्यांत जास्त माझ्या सासऱ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांत कमी मला. मी फक्त अबोल काढायचे.

अबोल हा आमच्या स्टुडिओच्या ॲनिमेशन मालिकेतला खलनायक. तोंडावर मुखवटा, हातांत काळे हातमोजे, बोलणं शून्य. शत्रूचं सैन्य समोर आलं की तो डावा हात वर करायचा. दृश्य बदलायचं, आणि पुढच्या दृश्यात सैन्य गायब, मैदानात नुसता वारा. हे होतं कसं, ते दोन पर्वं उलटली तरी कुणाला उमगलं नव्हतं, आणि चाहते डोकं खाजवून खाजवून टक्कल पडायच्या बेताला आले होते. ते दाखवत का नाहीत, हे मला ठाऊक होतं. तीन हजार सैनिक नाहीसे होताना काढायला आम्हा सहा जणांना वर्ष लागलं असतं. वारा एका दुपारात काढून होतो.

बाबा, म्हणजे माझे सासरे, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांना वीतभर इकडे नाही, वीतभर तिकडे नाही, असं बजावून घरी पाठवलं. सासूबाई गेल्यावर त्यांना मोजायला काही उरलं नाही. वर्षभर ते खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायचे. मग एकदा माझ्या नवऱ्याने त्यांना आमची मालिका लावून दिली. "बाबा, हे बघा, सूनबाईचं काम." बाबांनी सूनबाईचं काम बघितलंच नाही. त्यांनी अबोल बघितला.

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग बाबांच्या वह्यांनी बळकावला. चाहत्यांच्या ऑनलाइन मंचावर त्यांनी 'मोजणीदार' हे नाव घेतलं आणि बघता बघता ते तिथलं मोठं प्रस्थ झाले. त्यांचा एकच प्रतिस्पर्धी होता, कुठल्याशा गावचा एक दंतवैद्य. त्याच्या मते अबोल म्हणजे नायिकेची हरवलेली थोरली बहीण. दंतवैद्याच्या मते प्रत्येक मालिकेत प्रत्येक जण कुणाची तरी हरवलेली बहीणच असायचा.

बाबांचा सिद्धांत त्याहून खोल होता, आणि तो माझ्या दाढेतून निघाला होता.

सहाव्या भागाच्या वेळी माझी दाढ ठणकत होती. गाल हातात धरून मी रंग भरत होते आणि बेचाळीस फ्रेममध्ये अबोलच्या डाव्या हातमोज्याला काळ्याऐवजी शेवाळी हिरवा लागला. तो रंग दलदलीतल्या बेडकांसाठी काढून ठेवलेला. भाग प्रसारित झाल्यावर आमच्या पर्यवेक्षकांनी सगळ्यांसमोर माझी अशी काही खरडपट्टी काढली की दाढेचं दुखणं त्यापुढे गोड वाटावं.

इकडे बाबांनी त्या बेचाळीस फ्रेम एकेक करून थांबवल्या, मोजल्या आणि एकतीस पानी निबंध लिहिला. अबोलकडे स्वतःची एकही शक्ती नाही. समोरच्याला ज्याची भीती, तेच अबोलच्या हातात उतरतं. सहाव्या भागात समोर कोण होतं? दलदलीचा राजा. लहानपणी दलदलीत बुडता बुडता वाचलेला. म्हणून हातमोजा शेवाळी!

"बाबा," मी म्हटलं, "तो हिरवा माझ्या हातून चुकून लागला. माझी दाढ दुखत होती."

बाबा माझ्याकडे बघून हसले. कोवळ्या पोरीकडे बघावं तसे.

"तुला असंच सांगायला सांगितलं असणार."

"अहो, खरंच. मीच भरला."

"तू रंग भरतेस गं. पण भरायला लावणारा कुणी तरी असतोच ना? तुमच्यासारख्यांना सगळं कुठे सांगतात."

ते मात्र खरं होतं. आम्हाला काहीच सांगत नसत, कारण सांगायला कुणाकडे काहीच नसे. हे तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागाची बैठक झाली तेव्हा मला कळलं. दिग्दर्शक लेखकाला म्हणाले, "चला, आता मुखवटा काढू या. काय आहे त्याची शक्ती?" लेखकाने खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मला वाटलं तुम्ही ठरवून ठेवलंय," तो म्हणाला.

खोलीत एवढी शांतता पसरली की अबोलनेच हात वर केला असावा. मग दिग्दर्शकांनी घसा साफ केला आणि चाहते काय म्हणतात ते छापून आणायला सांगितलं. 'प्रेरणा म्हणून,' असंही म्हणाले. अर्ध्या तासाने टेबलावर मोजणीदारांचा निबंध आला. माझ्या बेचाळीस चुकांभोवती लाल गोल होते.

दिग्दर्शकांचे डोळे चमकले. "हा हिरवा हातमोजा... आपण मुद्दाम केला होता ना?"

"अर्थात," आमचे पर्यवेक्षक म्हणाले. "माझीच सूचना होती ती."

मी माझ्या पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी गुप्ततेच्या कागदावर सह्या केल्या. भाग प्रसारित होईपर्यंत घरी अवाक्षर काढायचं नाही. पुढचे आठ महिने मी दिवसाचे नऊ तास सासऱ्यांचा सिद्धांत चितारत होते आणि त्यातले पहिले चार-पाच महिने घरी आल्यावर तोच सिद्धांत मला समजत कसा नाही, हे त्यांच्याकडून ऐकत होते.

पाचव्या महिन्यात घोटाळा झाला. मंचावर कुणीतरी दाखवून दिलं की अकराव्या भागात दलदलीचा राजा पुन्हा समोर येतो आणि तरी हातमोजा काळाच राहतो. दंतवैद्याने हे उचलून धरलं. बाबांनी दोन दिवस तो भाग पुढे-मागे करून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर लिहिलं, "माझी मोजणी चुकली. सिद्धांत मागे घेत आहे. वाचकांचा वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व." खाली पूर्ण नाव घालणार होते, नवऱ्याने कसंबसं थांबवलं.

मग वह्या टेबलावरून उठल्या आणि कपाटाच्या वरच्या फळीवर गेल्या. टेबल पूर्ण मोकळं झालं. किती दिवस मला ते मोकळं हवं होतं! आणि आता तिथे जेवताना घास उतरेना. बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसले.

"सांगून टाकू का?" मी नवऱ्याला विचारलं. तो औषधाच्या दुकानात काम करतो. नियमाबाहेर एक गोळी कुणाला देत नाही.

"सही केलीयस तू."

"अरे, पण त्यांच्याकडे बघ ना."

त्याने बघितलं. मग म्हणाला, "सही केलीयस," पण आवाज आधीसारखा नव्हता.

मी बाबांजवळ गेले. "बाबा, तीन महिने थांबा. वह्या टाकून देऊ नका."

"कशाला?"

"असंच."

"असंच म्हणून मी कधी हद्दीची खुंटी ठोकलेली नाही," बाबा म्हणाले. पण वह्या त्यांनी टाकल्या नाहीत.

शेवटचा भाग संध्याकाळी सहाला लागला. आम्ही तिघं सोफ्यावर. अबोलने मुखवटा काढला, पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाला, "माझ्याकडे काहीच नाही. जे आहे ते तुमची भीती आहे." हातमोजा हिरवा झाला, मग तांबडा, मग राखाडी. समोरचे सैनिक एकेक करून मागे वळून पळाले. पळताना दाखवायला आम्हाला चार महिने लागले होते.

मी बाबांकडे पाहिलं. ते आनंदाने उडी मारतील, डोळ्यांत पाणी येईल, निदान माझा हात धरतील, असं काहीबाही मी मनात रंगवून ठेवलं होतं.

"चूक आहे," बाबा म्हणाले.

"काय?"

"हे चूक आहे. अकराव्या भागाशी जुळत नाही. मी मागे घेतलेला सिद्धांत आहे हा! यांनी तपासून नको घ्यायला?"

आणि त्यांनी खरोखर वह्या खाली काढल्या. स्टुडिओला बारा पानी तक्रार लिहायला बसले, की तुम्ही उचललेला माझा सिद्धांत सपशेल चुकीचा आहे.

मग मात्र मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं: बैठक, लेखकाची खिडकी, लाल गोल, पर्यवेक्षकांची सूचना. बाबा ऐकत राहिले. पेन हातातच राहिलं.

"मग अकराव्या भागात काळा का?"

"कारण तोवर मी दाढ काढून घेतली होती."

बाबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, पण ते हसत होते. इतके हसले की नवरा पाणी घेऊन धावत आला.

"म्हणजे आठ महिने तू हे काढत होतीस, आणि मी तुला समजावत होतो?"

"रोज. जेवताना."

"आणि तू ऐकून घेत होतीस."

"कामाला उपयोग होत होता, बाबा."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाबांनी सकाळीच खुर्ची ओढली आणि म्हणाले, "हात वर कसा करतात ते दाखव." मी कागद घेतले. एकाखाली एक, चोवीस हात. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा केसभर वर. बाबांना वाटायचं हे सगळं यंत्र करतं, आपण बटण दाबायचं. विसाव्या हातापर्यंत ते कागदावर वाकून बसले होते. मग त्यांनी पट्टी मागितली, अंतरं मोजली आणि सांगितलं की सतरावा हात जरा जास्त उचलला गेलाय. तो खरंच जास्त उचलला गेला होता.

पुढच्या महिन्यात दिग्दर्शकांना मोजणीदार कोण ते कळलं. चौथ्या पर्वासाठी सल्लागार व्हा म्हणून त्यांचा फोन आला. बाबांनी नम्रपणे नकार दिला. "जमीन तुमची, बांध तुम्ही घाला. मी नंतर येऊन मोजेन." फोन ठेवण्याआधी मात्र म्हणाले, "आमच्या सूनबाईचं नाव शेवटच्या यादीत का नसतं हो?"

चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात ते आलं. 'पर्यवेक्षण' या ठळक अक्षरांच्या खाली, बारीक अक्षरांत, आडनावातला एक काना खाऊन. बाबांनी चित्र तिथेच थांबवायला लावलं, दार उघडलं आणि शेजारच्यांना हाक मारली.