परवाचं विमान

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर तेव्हाच विचारलं असतं.

माझ्या परदेशातल्या भावाचा मेहुणा पँट आखूड करून घ्यायला दुकानात आला होता. त्याचा विमानाच्या तिकिटांचा धंदा. मी खाली बसून त्याच्या पायाशी कापड टाचत होते आणि तो आरशात स्वतःला न्याहाळत म्हणाला, "काय ताई, भावाचं परवाचं विमान ना? थेट आहे, चौदा तासांचं." मग त्याने जीभ चावली आणि उगाच माझ्या शिलाईचं कौतुक सुरू केलं.

परवा निघाला, म्हणजे काल उतरलासुद्धा. आणि आम्हाला पत्ता नाही! माझ्या मनात पाल चुकचुकली. मागच्या खेपेला त्याने जाता जाता विचारलं होतं, "ताई, घर अजून अण्णांच्याच नावावर आहे ना?" कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं होतं. आता इथल्याच सासुरवाडीत मुक्काम ठोकून वकील गाठला असणार.

घरी अण्णा खिडकीशी बसले होते. दुसऱ्या झटक्यापासून ते खुर्ची सोडत नाहीत. जन्मभर बस चालवलेला माणूस, सगळं बसवरच मोजतो.

"बारा हजार किलोमीटर," ते म्हणाले. "माझ्या गाडीला आठ दिवस लागले असते. तेही चहाला न थांबता. आणि विमानाला गं?"

"चौदा तास, अण्णा."

"मग तो येत का नाही?"

रोज हेच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या. मी भावाला कळवलं, तर "बघतो" एवढंच उत्तर आलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन त्याला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"घरी."

"कुणाच्या?"

तो अडखळला. "माझ्याच. का गं?"

"अण्णांना भेटायला येणार आहेस का?"

"या महिन्यात जमेलसं वाटत नाही, ताई." आणि हसला मेला!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "खोटारड्या! बाप मरणाला टेकलाय आणि तू सासुरवाडीत लपून वाटणीची गणितं मांडतोस? इथे आलास तर दार उघडणार नाही."

नुसतं "बरं" म्हणून त्याने फोन ठेवला. चोर सापडला की असाच पळ काढतो, असं मला वाटलं. मी उठून दाराला कडीही घातली. तेव्हापासून ती दिवसासुद्धा घातलेलीच असे.

दोन दिवसांनी मेहुणा घरी आला. पँट न्यायला असेल म्हणून मी कडी काढली, तर तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"ताई, काय बोललात हो त्यांना? तिकीट रद्द केलं त्यांनी. अण्णांना अचानक येऊन चकित करायचं होतं, कुणाला सांगू नको म्हणाले होते. माझ्याच तोंडून निसटलं."

"पण परवाचं विमान तर..."

"परवाचंच. म्हणजे आजचं. आत्ता निघालं असतं."

येणारा परवा. मी गेलेला धरला होता. लगेच भावाला फोन लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

"विमान म्हणालं का कुणी?" आतून अण्णांनी विचारलं. "निघाला का गं तो?"

मेहुणा माझ्याकडे बघत होता. मी पुन्हा भावाचा नंबर लावला.

"मग चौदा तास," अण्णा स्वतःशीच म्हणाले. "दाराला कडी घालू नकोस आज."