धुक्यातल्या हाकेला ओ

मी एक शिंग बोलतोय. दचकू नका, ज्याच्या डोक्यावर मी उगवलो तो बैल केव्हाच गेला. मागून मला फुंकणाराही गेला. मी मात्र ला पास शहरातल्या एका टपाल-संग्रहालयात, काचेच्या कपाटात, मऊ कापडावर पडून आहे. एका बाजूला जुना तराजू, दुसऱ्या बाजूला गंजलेली टपालपेटी. शेजार चांगला आहे, पण दोघंही मुखदुर्बळ.

संग्रहालय ग्रासिएला बाई सांभाळतात. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगतात, "आगगाडी नव्हती तेव्हा आपल्या देशाचं टपाल माणसांच्या पायांवर चालायचं. गावागावाने पाळीपाळीने हरकारा द्यायचा. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. निदान त्यांच्या वस्तू तरी जपायच्या." बाई बोलतात ते खरंच आहे. पण जपायचं म्हणजे कुलपात घालायचं, हे कुणी ठरवलं कोण जाणे!

माझा हरकारा सेवेरो चोके. पठारावरचा माणूस, बोलायला कमी आणि चालायला वारा. मला पोखरून, घासून, टोकाला भोक पाडून त्यानेच घडवलं. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा मी असा काही रेकलो की त्याची बायको बासिलिया म्हणाली, "अहो, टपाल पोचवायचंय की लामांचा कळप पळवून लावायचाय?"

बासिलिया खिंडीखालची धर्मशाळा सांभाळायची. खिंड उतरताना नियम एकच. हरकाऱ्याने तीनदा शिंग फुंकायचं आणि धर्मशाळेतून दुसऱ्या शिंगाने एक लांब ओ यायची. त्या आवाजाच्या रोखाने पाय टाकायचे. दरी पायाशीच असते आणि धुक्यात डोळ्यांचं काही चालत नाही. ती ओ बासिलियाची असायची. नवराबायकोचा अर्धा संसार तिथेच झाला म्हणा ना.

मग तो पितरांचा दिवस आला. नोव्हेंबरच्या एक तारखेला, भर दुपारी बाराला, आमच्याकडे मेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी टेबलावर पावाच्या बाहुल्या मांडतात, वरून उतरायला पावाचीच शिडी ठेवतात. सेवेरो खरं तर दुसऱ्या दिवशी यायचा होता. पण लेकीबरोबर जेवायचं म्हणून गडी दुप्पट वेगाने निघाला. खिंडीत बर्फ पडत होतं, हाताला हात दिसत नव्हता. त्याने मला तीनदा फुंकलं. नेमकी बाराची वेळ होती.

खाली काय झालं ते मला पुढे त्याच्या लेकीच्या, लुसिंदाच्या तोंडून कळलं. शिंग सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांची दातखिळी बसली. बाराच्या ठोक्याला वरून शिंग वाजलं, म्हणजे कुठल्यातरी मेलेल्या हरकाऱ्याचं! मेलेल्याला ओ देऊ नये, तो घेऊन जातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. छोटी लुसिंदा तेवढी ओरडली, "आई, बाबा आले!"

बासिलियाने तिचं तोंड दाबलं. "गप! बाबा उद्या यायचेत."

त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा फुंकलं. मी जिवाचा कान केला होता हो! ओ आली नाही. आंधळ्यासारखा तो पाऊल टाकत गेला, शेवटचा श्वास माझ्यात सोडला आणि त्याचा पाय घसरला. मी खडकात अडकलो. बर्फ वितळल्यावर मी सापडलो, टपालाची थैलीही सापडली. तो सापडला नाही.

बासिलिया मरेपर्यंत दरवर्षी त्याच्यासाठी टेबल मांडत राहिली. तो कसा येणार? तो माझ्यात होता. टपालाची वस्तू म्हणून मला इथे आणल्यावर दरवर्षी त्या दुपारी मी काचेआड आपोआप घुमायचो, तीनदा. "खिडकीतून वारा येतो," असं ग्रासिएला बाई म्हणायच्या. मग खिडकी बुजवली. मी तरी घुमलो. त्यानंतर बाईंनी वाऱ्याचं नाव काढलं नाही.

लुसिंदा आता आजी झाली आहे. दरवर्षी त्या दिवशी यायची, कपाट उघडा म्हणून विनवायची आणि संग्रहालयाचा नियम ऐकून परत जायची. या खेपेला ती शालीत धर्मशाळेचं शिंग गुंडाळून आली.

"बाई, मुलगा मला अर्जेंटिनाला नेतोय. धर्मशाळा पडली, गाव उठलं. यापुढे बाबांना ओ देणारं कुणी नाही. तुमच्या शिंगाला मी बोटसुद्धा लावणार नाही. तुम्ही फक्त काच उघडा, त्यांना ऐकू जाऊ दे."

ग्रासिएला बाई कपाटाशी गेल्या. मग त्यांनी किल्ली काढली आणि मला दोन्ही हातांत धरलं.

बारा वाजले. मी त्यांच्या हातातच घुमलो. बाई पांढऱ्याफटक पडल्या, पण त्यांनी मला टाकलं नाही. दाराशी पहारेकरी फाउस्तिनो उभा होता, तोही पठारावरचाच. तो धावत आला. "आजी, तोंडाला लावू नका ते! घेऊन जाईल तो तुम्हाला!"

"नेऊ दे की रे. बाप आहे माझा, परका थोडाच आहे?"

आणि तिने धर्मशाळेचं शिंग फुंकलं. म्हातारीची छाती ती केवढी, आवाज मधेच फाटला. तरी ओ लांब होती, बासिलियाची असायची तशीच. माझ्या पोटातून काहीतरी गार, ओलं उठलं आणि बाहेर पडलं. दालनात बर्फाचा वास आला.

लुसिंदाने शिंग खाली केलं. समोर कुणी नव्हतं, पण तिची मान वर झाली, उंच माणसाकडे बघताना होते तशी.

"किती उशीर केलात, बाबा," ती म्हणाली. "मी तेव्हाच आईला सांगत होते."

ती बाहेर पडली, सावकाश, कुणाच्या तरी थकल्या पावलांशी पाऊल जुळवत. फाउस्तिनोने दार धरलं होतं. ती गेल्यावरही त्याने ते क्षणभर धरून ठेवलं.

आता मी रिकामा आहे. घुमत नाही. लुसिंदा अर्जेंटिनाला पोचली की नाही, मला कुणी सांगत नाही. बाई अधूनमधून काच उघडून मला कानाला लावतात आणि परत ठेवतात. सेवेरो सुटला म्हणून बरं वाटतं, आणि त्याच्यावाचून करमतही नाही, खोटं कशाला बोलू?

बघायला याल तेव्हा मला फुंकू नका. पण धुक्यातून कुणी हाक मारली तर ओ द्या, बाबांनो. जिवंत की मेलेला, ते तो दारात आल्यावर बघता येईल.