किल्ल्यापर्यंतची फेरी

मी एक मिनीबस आहे, एकवीस सिटांची. बोलायची मला सवय नाही. माझ्यात बसून माणसंच इतकं बोलत आली की मला कधी गरज पडली नाही. पण आता माझं इंजिन काढून ठेवलंय, चाकांखाली विटा लावल्यात, आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते कलार शहरातलं धुळीनं भरलेलं स्टँड आणि तौफीकचा हात. चौऱ्याऐंशी साली त्यानं मला घेतलं तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. रोज सकाळी डोक्याचा रुमाल सोडून तो माझी काच पुसायचा आणि मग तोच रुमाल झटकून डोक्याला बांधायचा. त्याच्या बायकोनं दृष्ट लागू नये म्हणून माझ्या आरशाला निळा मणी बांधला होता.

गर्मियान या आमच्या मुलखातल्या गावांतून शहरात आणि शहरातून गावांत, एवढंच माझं जग. कलिंगडं, कोकरं, दह्याची मडकी, नवऱ्या मुली, तापानं फणफणलेली पोरं, सगळं माझ्यात चढलं आणि उतरलं. पुढच्यानं खिडकी उघडली की मागच्याला गार वारा लागायचा, मग भांडण. उतरताना तेच दोघं एकमेकांना घरी जेवायला बोलवायचे.

कानी झर्द नावाच्या गावात नादिर राहायचा. तौफीकशी त्याचं चांगलं जमायचं. दह्याचं मडकं शहरात पोचवलं की तो तौफीकला एक वाडगा भरून द्यायचा. त्याची बायको पीरोज, हेरो आणि चीमन या दोन मुली. पीरोज तिसऱ्या वेळी गरोदर राहिली, तेव्हा बाळंतपणासाठी मीच तिला शहरात बहिणीकडे सोडलं. ते अठ्ठ्याऐंशी साल होतं. मार्च संपत आला होता.

दोन आठवड्यांनी सैनिकांनी स्टँडवरच्या सगळ्या गाड्या धरल्या. तौफीकच्या शेजारी एक सैनिक बंदूक घेऊन बसला आणि म्हणाला, चल. त्या आठवड्यात गावंच्या गावं रिकामी केली जात होती. कानी झर्दची माणसं रस्त्याच्या कडेला बसवून ठेवली होती. माझ्यात त्यांनी त्रेपन्न जण कोंबले.

नादिर चढताना थांबला. म्हणाला, "तौफीक, कुठे नेतोयस आम्हाला?"

"मला माहीत नाही," तौफीक म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

दोन तासांनी आम्ही सैन्याच्या एका जुन्या किल्ल्यापाशी पोचलो. तिथे सगळ्यांना उतरवलं. पुरुष एका बाजूला, बायका-पोरं दुसऱ्या बाजूला. सैनिकानं बोनेटवर थाप मारली, जा परत. मी रिकामी परत आले. उतरली त्यांतलं पुढे कुणीच माझ्यात चढलं नाही.

तौफीकनं मला घरामागच्या तुतीखाली उभं केलं आणि तीन वर्षं किल्ली लावली नाही. कोंबड्या माझ्या सिटांवर अंडी घालत. बायकोनं विचारलं की तो सांगे, क्लच गेलाय. क्लच ठणठणीत होता. मग सैन्य गेलं, घरात खायला उरलं नाही, आणि एक दिवस त्यानं कोंबड्या हाकलून मला पुन्हा रस्त्यावर काढलं.

पुढे ज्याच्या हुकमानं ती गावं रिकामी झाली, त्या हुकूमशहाची सत्ता पडली. दक्षिणेच्या वाळवंटात खड्डे सापडू लागले, तिथून हाडं पेट्यांत भरून आली. शहरापासून साठ किलोमीटरवर एका टेकडीला स्मारक उभं राहिलं. ओळीनं पांढरे दगड, फोटोंचं एक दालन, भाषणासाठी ओटा. दर चौदा एप्रिलला, गावं नेली त्या दिवसांच्या आठवणीला, विधवा बायका तिकडे जाऊ लागल्या आणि तौफीक त्यांना माझ्यातून नेऊ लागला. एक पैसा घेत नसे. बायका म्हणत, तौफीक मामासारखा माणूस नाही. हे ऐकलं की तो कापड घेऊन उगाच माझी काच पुसायला लागायचा.

स्मारकाशी पोचलं की बायका खाली उतरत. तो कधी उतरला नाही. पाय दुखतात म्हणायचा.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तौफीक चौऱ्याहत्तरचा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू. त्याच्या मुलानं, करझाननं, मला भंगारात द्यायचं ठरवलं होतं. ही शेवटची फेरी. चढावर मी धापा टाकत होते.

"मामा," गुलचीन मागून ओरडली. ती अंगानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. "गाढवावरून निघालो असतो तर एव्हाना जाऊन परत आलो असतो."

"गाढवानं तुला बसू दिलं असतं का, ते आधी विचार," तौफीक म्हणाला.

बायका हसल्या. काळ्या कपड्यांतल्या एकोणीस बायका. नवऱ्याच्या आठवणीनं रडायला निघालेल्या बायका वाटेत इतक्या हसतात, हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही. भाकरी, दही आणि सूर्यफुलाच्या बिया मागून पुढे फिरत होत्या. पीरोज मात्र काही खात नव्हती.

"तुला काय झालं गं?" गुलचीननं विचारलं.

"पुढच्या वर्षी मी येणार नाही," पीरोज म्हणाली. "तुमच्या माणसांची हाडं तरी मिळाली, दगड तरी आहेत तिथे. मी कुणाच्या दगडापाशी बसू? दरवर्षी तुझ्या नवऱ्याच्या दगडापाशी बसते. लोकांना वाटतं मी तुझी सवत."



स्मारकापाशी साहेब लोकांच्या गाड्या आधीच लागलेल्या होत्या. भाषण सुरू झालं. हे भाषण बायकांना पाठ आहे, कुठे साहेबांचा आवाज दाटून येणार तेसुद्धा. सगळ्या उतरल्या. पीरोज तेवढी बसून राहिली.

थोड्या वेळानं स्मारकाच्या कचेरीतली मुलगी वर चढली. शीलान तिचं नाव. हातात कागद, गळ्यात ओळखपत्र. ती पीरोजच्या शेजारी टेकली.

"मावशी, मी सगळ्यांची माहिती पुन्हा घेतेय. कुठल्या गावची माणसं कुठे नेली हे कळलं, तर कुठे शोधायचं ते कळतं. तुमचं गाव कानी झर्द ना?"

"लिही. नवरा नादिर. मुलगी हेरो, सहा वर्षांची. मुलगी चीमन, तीन वर्षांची. मी शहरात बाळंतीण होते म्हणून वाचले. ते पोरगं आता जर्मनीत आहे."

"आणि तिथून त्यांना कुठे नेलं?"

"माहीत नाही असं लिही. तुझ्या आधीच्या बाईनंही तेच लिहिलं. त्याच्या आधीच्या साहेबानंही. चौतीस वर्षं झाली पोरी, कागदच बदलतात."

शीलाननं मान खाली घालून पेन टेकवलं.

"किल्ल्यावर," तौफीक म्हणाला.

तो पुढे बसला होता, पाठ वळवून. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडी बंद होती.

"काय म्हणालात मामा?" शीलाननं विचारलं.

"किल्ल्यावर उतरवलं. सगळ्या गावाला, त्रेपन्न जण. मी मोजले होते. ह्याच गाडीनं नेलं. मी नेलं."

बाहेर कर्ण्यावरून साहेबांचा आवाज दाटून आला.

"शेजारी बंदूक होती," तो म्हणाला. "पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. रस्ता मी ओळखत होतो. नाल्यापाशी गाडी खाली घालता आली असती. मी नाही घातली."

मला वाटलं आता पीरोज किंचाळेल, त्याच्या अंगावर धावून जाईल. मला ते चाललं असतं. त्यालाही चाललं असतं.

"पोरी कुठे बसल्या होत्या?" तिनं विचारलं.

"डावीकडे, तिसऱ्या रांगेत. खिडकीशी हेरो. चीमन तिच्या मांडीवर. नादिर शेजारी उभा."

पीरोज उजवीकडे बसली होती. एवढी वर्षं ती उजवीकडेच बसत आली होती, ऊन लागत नाही म्हणून. ती उठली आणि डावीकडे जाऊन बसली. आधी सीटवर हात फिरवला, मग बसली.

"मी तुला भला माणूस समजत होते, तौफीक," ती म्हणाली. मामा म्हणाली नाही.

शीलान लिहीत होती.

बायका परत आल्या तेव्हा पीरोजनं दोन वाक्यांत त्यांना सांगितलं. कुणी तोंडावर ओढणी घेतली, कुणी तौफीकला शाप दिले. गुलचीन पायरीवरून मागे सरली. "मी ह्या गाडीत पाय ठेवणार नाही."

"मग चालत जा," पीरोज म्हणाली. "साठ किलोमीटर आहे. चढा गं सगळ्या, मी दमलेय."

त्या परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही. किल्ल्यावरून रिकामी परतले होते, त्यानंतर पहिल्यांदाच मी माझ्या इंजिनाचा आवाज सलग दोन तास ऐकला. फार म्हातारा आवाज होता तो.

पुढे शीलाननं किल्ल्याचं नाव, तारीख, सगळं वर पाठवलं. हाडांशी जुळवून बघायला पीरोजचं रक्त घेऊन गेले. त्या किल्ल्यावरून नेलेल्यांचा एक खड्डा दक्षिणेत आहे म्हणतात. तो अजून उघडलेला नाही. कधी पैसा नसतो, कधी परवानगी, कधी उन्हाळा आड येतो.

भंगारवाला मला न्यायला आला तेव्हा शीलाननं अडवलं. गाडी स्मारकात ठेवूया म्हणाली. काही बायकांना ते पटलं नाही. शेवटी पीरोजला विचारलं. ती म्हणाली, "ठेवा. पण रंग देऊ नका आणि दोरी बांधू नका. मला आत बसता आलं पाहिजे."

तशी मी इथे आले. शाळेची मुलं येतात, माझ्या दारात उभं राहून फोटो काढतात. वयस्क माणसं बाहेरूनच बघतात. एखादा बापडा चाकाला हात लावून स्वतःशी काही म्हणतो. मला कुणाचा राग येत नाही. मी थकलेय एवढंच.

दर गुरुवारी पीरोज येते. तिसऱ्या रांगेत बसते, बिया खाते, टरफलं ओढणीत गोळा करते. तौफीकही येतो. करझान त्याला हात धरून आणतो आणि खिडकीखाली खुर्चीवर बसवतो. पहिले कितीतरी महिने तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तरी तो येत राहिला. मग एक दिवस खिडकीतून खाली न बघता तिनं विचारलं, "वाटेत कुठे थांबलास?" त्यानं सांगितलं. पुढच्या गुरुवारी विचारलं, "पाणी दिलंस का?" त्यानं दिलं होतं, तेही सांगितलं. "नादिर काय बोलला?" गुरुवारी एकच प्रश्न. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि त्यानं माफी मागितलीही नाही. विचारणं एवढंच तिच्या हातात आहे आणि सांगणं एवढंच त्याच्या. तो काही लपवत नसे. जे ऐकवत नाही तेही त्यानं सांगितलंय. ती ऐकून घेते आणि उठून जाते.

मागच्या गुरुवारी तिनं विचारलं, "धाकटी रडली का रे?"

तौफीकला आता दिसत नाही, तरी त्यानं मान वर केली.

"नाही," तो म्हणाला. "झोपली होती. हेरोच्या मांडीवर."

पीरोजनं हळूच मान हलवली. "झोपायचीच ती. गाडी सुरू झाली की डोळे मिटायची." मग तिनं ओढणीतल्या बिया मूठभर काढल्या आणि खिडकीतून त्याच्या हातावर ठेवल्या.

चीमन झोपली नव्हती. दोन तास ती आईला हाका मारत होती. किल्ला दिसू लागला तेव्हा तिचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलत होते. हे तौफीकला माहीत आहे आणि मला माहीत आहे.

आता तुम्हालाही कळलंय. कधी या टेकडीवर आलात तर माझ्यात येऊन जरूर बसा, दार उघडंच असतं. तिसऱ्या रांगेत एक बाई बिया खात बसलेली दिसेल. तिला काही विचारू नका, तिला फार जणांनी विचारून झालंय. आणि मी हे शेवटचं जे सांगितलं, तेवढं तिच्या कानावर घालू नका.